लुई पाश्चर : डाव्या-उजव्या स्फटिकांचा शोध

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव निघाले की जुन्या मुंबईकरांना कुत्रा चावल्यावर पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची आठवण होते. त्या लशीचा मूळपुरुष म्हणून लुई पाश्चर हे नाव शालेय पुस्तकांतून घराघरांत पोहोचले. दुधाच्या पिशवीवरील ‘पाश्चराइज्ड’ या शब्दातून तर ते रोज सकाळी दारात येते. मात्र पाश्चर डॉक्टर नव्हते. ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी लावलेल्या पहिल्या मोठ्या शोधाचा जंतूंशी काडीचाही संबंध नव्हता. तो शोध स्फटिकांच्या डाव्या-उजवेपणाचा होता. विजेची दिशा लक्षात ठेवणारे ‘फेरोइलेक्ट्रिक’ पदार्थ घडवताना आज संशोधक ज्या गुणाचा आधार घेतात, त्याची पहिली ओळख पाश्चर यांनी करून दिली. त्यांच्या कीर्तीच्या गदारोळात हा भाग काहीसा मागे पडला.

पूर्व फ्रान्समधील दोल या गावी २७ डिसेंबर १८२२ रोजी पाश्चर यांचा जन्म झाला. वडील झाँ-जोसेफ कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. त्यापूर्वी ते नेपोलियनच्या सैन्यात होते आणि तिथे त्यांना सन्मानपदकही मिळाले होते. कुटुंब पुढे आर्ब्वा या लहान गावी स्थायिक झाले. मुलगा अभ्यासात बरा होता, पण असामान्य म्हणावा असा नव्हता. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता. आई-वडिलांची आणि गावातल्या परिचितांची त्याने काढलेली व्यक्तिचित्रे पाहिली की निरीक्षणाची सवय त्याला कुठून लागली हे कळते. १८३८ मध्ये शिक्षणासाठी पंधराव्या वर्षी त्याला पॅरिसला पाठवण्यात आले. घरच्या ओढीने तो काही आठवड्यांतच परत आला. १८४२ मध्ये दीजाँ येथे त्याने विज्ञानाची परीक्षा दिली, तेव्हा रसायनशास्त्रात त्याला जेमतेम शेरा मिळाला. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळत होता, पण गुणवत्ता यादीतील क्रमांक समाधानकारक वाटला नाही म्हणून त्याने तो नाकारला आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळवला. या स्वभावाने पाश्चर यांची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

एकोल नोर्मालमध्ये ब्रोमीनचा शोध लावणारे बालार यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. स्फटिकशास्त्राचे धडे त्यांनी देलाफोस यांच्याकडून घेतले. त्याच प्रयोगशाळेत काही काळ काम करणाऱ्या ओग्युस्त लोराँ या हुशार, पण उपेक्षित रसायनशास्त्रज्ञाचाही त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. हे ऋण पाश्चर यांनी पुढे पुरेशा मोकळेपणाने मान्य केले नाही. त्यांच्या प्रयोगवह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांना खुल्या झाल्या, तेव्हा ही गोष्ट अधिक स्पष्टपणे पुढे आली.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना एक कोडे छळत होते. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत तळाशी आणि कडांना जो खरपुडा साचतो, त्यापासून टार्टारिक अम्ल मिळते. आपल्या आमटीतल्या चिंचेचा आंबटपणाही मुख्यत्वे याच अम्लाचा. आल्सास प्रांतातील थान येथील केस्टनर यांच्या कारखान्यात १८२० च्या सुमारास अगदी याच घटकांचे, याच प्रमाणाचे एक दुसरेच अम्ल हाती आले. त्याला रेसिमिक अम्ल असे नाव मिळाले. दोन्ही अम्लांचे पृथक्करण केले तर आकडे तेच येत. फरक होता तो एकच. ध्रुवित प्रकाशाचा किरण टार्टारिक अम्लाच्या द्रावणातून गेला की त्याची पातळी उजवीकडे वळे, रेसिमिक अम्लातून गेला तर तो सरळ निघून जाई. जर्मन शास्त्रज्ञ मित्शरलिख यांनी १८४४ मध्ये असे प्रसिद्ध केले की, या दोन अम्लांचे सोडियम-अमोनियम क्षार स्फटिकांच्या आकारासह सर्व बाबतींत एकसारखे आहेत. सर्व काही एकसारखे असेल तर प्रकाशाला फरक कसा कळतो?

पाश्चर यांनी १८४८ च्या वसंतात हे स्फटिक पुन्हा तयार केले आणि भिंगाखाली एकेक करून पाहिले. टार्टारिक क्षाराच्या प्रत्येक स्फटिकाच्या कडेला एक लहानसा तिरपा पैलू होता आणि तो नेहमी एकाच बाजूला होता. मित्शरलिख यांच्या नजरेतून तो निसटला होता. रेसिमिक क्षाराच्या स्फटिकांना असा पैलू नसेल, अशी पाश्चर यांची अपेक्षा होती. तो तिथेही होता! पण काही स्फटिकांत तो उजवीकडे होता, तर काहींत डावीकडे. पाश्चर यांनी प्रत्येक स्फटिक एकाच रोखाने समोर धरला आणि डाव्यांची व उजव्यांची वेगळी रास केली. दोन्ही राशी वेगवेगळ्या पाण्यात विरघळवल्या. उजव्या राशीच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, डाव्या राशीच्या द्रावणाने तेवढाच डावीकडे. दोन्ही सारख्या वजनाने एकत्र करताच परिणाम शून्य झाला. रेसिमिक अम्ल हे कोणतेही नवे अम्ल नव्हते. एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेल्या दोन अम्लांची ती समसमान भेसळ होती.

परळ-लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत जाणाऱ्याला हे समजणे अवघड नाही. उजव्या सोंडेची मूर्ती आणि तिची आरशात दिसणारी डाव्या सोंडेची प्रतिमा यांत माती तेवढीच, रंग तेच, अवयव तेच. तरीही उजव्या सोंडेच्या साच्यातून काढलेली मूर्ती कशीही फिरवली तरी तिची सोंड डावी होत नाही. रेणूंच्या या गुणाला विज्ञानात कायरॅलिटी म्हणतात. हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी ती संज्ञा १८९० च्या दशकात बनवली. पाश्चर यांनी स्वतः ती वापरली नाही. ते विषमरूपता असा शब्द योजीत.

तरुण संशोधकाचा हा दावा पॅरिसमध्ये सहज मान्य होणारा नव्हता. द्रवांतून जाणाऱ्या प्रकाशाचे वळणे ज्यांनी १८१५ मध्ये प्रथम दाखवले होते, ते झाँ-बाप्तिस्त बिओ तेव्हा ७४ वर्षांचे होते आणि कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पाश्चर यांना आपल्याकडे बोलावले. रेसिमिक अम्ल, सोडा, अमोनिया हे सारे स्वतःकडचे दिले. द्रावण आपल्याच खोलीत ठेवून घेतले. स्फटिक जमल्यावर पाश्चर यांना समोर बसवून ते वेचायला लावले आणि पुढची द्रावणे स्वतःच्या हातांनी तयार केली. आधी त्यांनी मुद्दाम डावे द्रावण तपासले, कारण खरी नवलाई त्यातच होती. उपकरणाच्या भिंगातून रंग पालटलेला दिसताच वृद्ध बिओ यांचा कंठ दाटून आला आणि त्यांनी पाश्चर यांचा हात हाती घेतला. पुढे बिओ त्यांचे पाठीराखे झाले. याच १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली होती आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाश्चर यांच्या आईचे निधन झाले.

या यशात दैवाचाही वाटा होता, हे सांगायला हवे. फारच थोडे क्षार असे डावे-उजवे वेगळे होऊन स्फटिकरूप घेतात. हा सोडियम-अमोनियम क्षारदेखील सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली असतानाच तसे करतो. तापमान त्याहून वाढले की डावे आणि उजवे रेणू एकाच स्फटिकात शेजारी शेजारी बसतात आणि वेचण्यासारखे काही उरत नाही. पॅरिसचा थंड वसंत पाश्चर यांना अनुकूल ठरला. गिरगावातल्या एखाद्या खोलीत मे महिन्यात हाच प्रयोग मांडला असता, तर हाती निराशाच आली असती.

१८४९ च्या आरंभी पाश्चर स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. तेथील कुलगुरूंची कन्या मारी लोराँ हिच्याशी त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. ओग्युस्त लोराँ यांच्याशी या घराण्याचे नाते नव्हते. आडनाव तेवढे एक होते. पुढची अनेक वर्षे मारी यांनी पतीच्या तोंडून प्रयोगांची टिपणे उतरवून घेतली. रेसिमिक अम्लाचा उगम शोधण्यासाठी १८५२ मध्ये पाश्चर यांनी लाइपझिग, ड्रेस्डेन, व्हिएन्ना, प्राग असा प्रवास केला, कारखाने पालथे घातले. अखेर १८५३ मध्ये सिंकोना सालीतून मिळणाऱ्या सिंकोनिनबरोबरचा टार्टारिक अम्लाचा क्षार तापवून त्यांनी प्रयोगशाळेतच रेसिमिक अम्ल बनवून दाखवले. याच सालीपासून मिळणाऱ्या द्रव्यांच्या मदतीने, चिमट्याने न वेचताही, डावे अम्ल उजव्यापासून अलग करण्याची रीत त्यांनी शोधली. हिवतापावरचे क्विनाइन ज्या सालीतून येते तीच ही साल. पुढे या हकिगतीत ती पुन्हा येणार आहे.

या काळात पाश्चर यांच्या मनात एका भव्य कल्पनेने घर केले. वनस्पती आणि प्राणी जी द्रव्ये बनवतात, ती बहुधा एकाच हाताची असतात. द्राक्षांत उजवेच टार्टारिक अम्ल असते, डावे नसते. मग सजीव आणि निर्जीव यांच्यातील सीमारेषा हीच तर नव्हे? आणि ही एकांगिता येते कुठून? सूर्यप्रकाश, पृथ्वीचे फिरणे, चुंबकत्व अशा वैश्विक शक्तींमधून ती येत असावी, असे त्यांना वाटू लागले. स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी शक्तिशाली चुंबक बनवून घेतले आणि त्यांच्या क्षेत्रात स्फटिक वाढवून पाहिले. लील येथे गेल्यावर वनस्पतींवर पडणाऱ्या सूर्यकिरणांची दिशा यंत्राने उलटी फिरवण्याचा घाट घातला. बाह्य बलाच्या जोरावर रेणूचा हात बदलता येईल, ही ती आशा होती. तिच्यातून काहीही निष्पन्न झाले नाही. हितचिंतक बिओ यांनीही या नादातून बाहेर पडण्याचा सल्ला दिला. पाश्चर यांच्या चरित्रांत या अपयशाला एखादा परिच्छेद मिळतो, पण त्यांना समजून घेण्यासाठी हा काळ लशींच्या विजयगाथेइतकाच मोलाचा आहे. सजीवांना एकच हात का, हा त्यांचा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

जंतूंकडे ते वळले तेही याच वाटेने. रेसिमिक अम्लाच्या अमोनियम क्षाराचे द्रावण आंबू लागले, तेव्हा ते तपासून पाहण्याची बुद्धी पाश्चर यांना झाली. सूक्ष्मजीव उजवे टार्टारिक अम्ल खात होते आणि डावे तसेच सोडत होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवांना डावे-उजवे कळत होते. आंबणे ही निव्वळ रासायनिक क्रिया नसून सजीवांचे कार्य आहे, या त्यांच्या मताला याने बळकटी आली. पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १८५४ पासून लील, १८५७ पासून पुन्हा एकोल नोर्माल, मद्य आणि बिअर यांच्या नासण्यावरचे उपाय, रेशमाच्या किड्यांचे रोग, अँथ्रॅक्सची लस. १८६२ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले ते खनिजशास्त्राच्या विभागात. जंतूंच्या वादात ते गळ्यापर्यंत उतरले असतानाही अकादमीच्या लेखी ते स्फटिकांचेच माणूस होते.

घरात मात्र मृत्यूने पाठ सोडली नाही. पाच मुलांपैकी तीन मुली अकाली गेल्या. थोरली जान १८५९ मध्ये विषमज्वराने, दोन वर्षांची कामी १८६५ मध्ये आणि सेसिल पुढच्याच वर्षी पुन्हा विषमज्वराने. ऑक्टोबर १८६८ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. त्यानंतरच्या प्रयोगांत हात बहुधा सहकाऱ्यांचे असत. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली गेली, तेव्हाही सुई डॉक्टरांनी टोचली. मुलगा वाचला आणि पाश्चर जगाचे झाले. वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पॅरिसच्या पाश्चर संस्थेचे उद्‌घाटन १४ नोव्हेंबर १८८८ रोजी झाले.

या संस्थेत काम करणारे वॉल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला, तेव्हा त्यांना इथे बोलावण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. हे पाहायला पाश्चर नव्हते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या स्फटिकांची गोष्ट मात्र त्यानंतर एका अनपेक्षित दिशेला गेली. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बन अणूच्या चार हातांची रचना सांगून रेणू डावा-उजवा का होतो याचे कारण दिले होते. खरी कलाटणी मिळाली ती रोशेल क्षाराने. पाश्चर यांनी वेचलेल्या क्षारातील अमोनियमच्या जागी पोटॅशियम घातले की हा क्षार होतो. ला रोशेल गावच्या सेनिएत या औषधविक्रेत्याने सतराव्या शतकात तो रेचक म्हणून बनवला होता. १९२० मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातील जोसेफ व्हालासेक यांना त्यात वेगळाच गुण आढळला. या स्फटिकात विद्युतभाराची धन आणि ऋण टोके आपोआप एका दिशेला लागतात. बाहेरून विद्युतदाब दिला की ती दिशा उलटते आणि दाब काढून घेतला तरी उलटलेलीच राहते. लोहचुंबकाशी असलेल्या या साधर्म्यामुळे अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक असे नाव पडले, लोखंडाचा त्यांच्यात अंशही नसला तरी. उलटसुलट होणारी आणि टिकून राहणारी ही दिशा म्हणजेच स्मृती. या गुणावर संगणकाच्या स्मृतिचिपा बनतात. याच कुळातील सिरॅमिक स्वयंपाकघरातील गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडते आणि रुग्णालयातील सोनोग्राफीच्या यंत्रात ध्वनिलहरी निर्माण करते.

जगातला पहिला ज्ञात फेरोइलेक्ट्रिक पदार्थ पाश्चर यांच्या टार्टारिक कुळातला निघाला, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. स्फटिकाच्या रचनेत प्रत्येक अणूसमोर केंद्राच्या पलीकडे नेमका तसाच अणू असेल, तर धन-ऋण टोके एकमेकांना रद्द करतात. एकाच हाताच्या रेणूंपासून बनलेल्या स्फटिकात अशी जुळणी होऊच शकत नाही, कारण त्यासाठी उलट्या हाताचा जोडीदार लागतो आणि तोच तिथे नसतो. डावे-उजवेपण फेरोइलेक्ट्रिक गुणाची हमी देत नाही, पण त्याच्या वाटेतला मोठा अडसर दूर करते.

रोशेल क्षाराची खोड अशी की, उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात तो फेरोइलेक्ट्रिक असतो. शिवाय तो पाण्यात विरघळतो. ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आणि मायक्रोफोनमध्ये तो एके काळी बराच वापरला गेला, परंतु दादरच्या पावसाळ्यात अशा स्फटिकाची काय गत होणार हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटेनेट सापडले. त्यात डावे-उजवे काही नाही. ते सुमारे १२० अंशांपर्यंत टिकते आणि दणकट आहे. पुढे शिसेयुक्त सिरॅमिक आले आणि सेंद्रिय स्फटिक अडगळीत गेले.

१९७५ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर यांनी कायरॅलिटीला पुन्हा मध्यभागी आणले. द्रवस्फटिकांच्या थरांमध्ये रेणू तिरके उभे असतील आणि ते एकाच हाताचे असतील, तर प्रत्येक थरात धन-ऋण टोके निर्माण झालीच पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. पॅरिसजवळच्या ओर्से येथील रसायनशास्त्रज्ञांनी तसा पदार्थ बनवला आणि तर्क खरा ठरला. रेणूचा हात बदलला की ध्रुवणाची दिशा उलटते. डावे-उजवे समसमान मिसळले की ते शून्य होते. मधल्या प्रमाणांत ते कमी-अधिक करता येते. बिओ यांच्या खोलीत प्रकाशाच्या बाबतीत जे दिसले होते, तेच इथे विजेच्या बाबतीत दिसले.

घन स्फटिकांमध्ये या विचाराने अलीकडे वेग घेतला आहे. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये क्विन्युक्लिडिनॉल या छोट्या सेंद्रिय रेणूची डावी, उजवी आणि मिश्र अशी तिन्ही रूपे तपासली. डावे आणि उजवे ही दोन्ही रूपे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत फेरोइलेक्ट्रिक राहतात. मिश्र रूपात रेणू तोच, पण उलट्या हाताचे जोडीदार समोरासमोर बसतात आणि हा गुण नाहीसा होतो. या रेणूच्या गाभ्यातील पिंजऱ्यासारखे वलय क्विनाइन आणि सिंकोनिन यांच्या रेणूंतही असते. पाश्चर यांनी डावे-उजवे अम्ल अलग करण्यासाठी जी साल वापरली, तिच्याच रेणूंतला हा तुकडा.

पुण्याच्या आयसर संस्थेतही सेंद्रिय फेरोइलेक्ट्रिक स्फटिकांवर संशोधन होते. या धडपडीमागे व्यावहारिक कारण आहे. आजच्या सर्वाधिक वापराच्या सिरॅमिकमध्ये शिसे असते आणि ते भट्टीत भाजावे लागते. सेंद्रिय स्फटिक द्रावणातून वाढतात, हलके असतात आणि त्यांत शिसे नसते. त्यांची ताकद मात्र अजून कमी पडते. क्विन्युक्लिडिनॉलचे ध्रुवण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ मायक्रोकूलॉम आहे. बेरियम टायटेनेटचे त्याच्या तिपटीहून अधिक भरते.